एकशे सत्त्याहत्तरावा डाव

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: रविवार एकसष्ट, डाव एकशे शहात्तर, विजय शून्य. दर रविवारी तीन डाव धरले तर एकशे त्र्याऐंशी व्हायला हवेत. सात डाव लाईट जाऊन अर्धवट राहिले, ते धरलेले नाहीत. एका डावात आम्ही चौघेही मरतो, म्हणजे एकूण मरणं सातशे चार. गोळी लागून तीनशे एक्क्याण्णव, कड्याबाहेर राहून एकशे अठ्ठेचाळीस, उंचावरून पडून एकसष्ट, पाण्यात बुडून बावन्न, आपलाच हातगोळा आपल्याच पायाशी टाकून सदतीस आणि गुरुजींना घरून फोन आल्यामुळे पंधरा. बेरीज जुळते.

खेळ फोनवरचा आहे. विमानातून शंभरेक माणसं चार-चारांच्या टोळ्या करून एका बेटावर उतरतात. तिथे पडलेल्या बंदुका उचलायच्या आणि एकमेकांना मारायचं. बेटाभोवती एक निळं कडं असतं, ते दर काही मिनिटांनी आवळत जातं. जो बाहेर राहील त्याचा जीव हळूहळू कमी होऊन संपतो. शेवटी जो उरतो त्याच्या पडद्यावर सोनेरी अक्षरं येतात आणि फटाके उडतात. हे मी ऐकून होतो. आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं.

आम्ही चौघे कुंभार पिंपळगावच्या शाळेत एका बाकाच्या मागेपुढे बसणारे. गुरुजी आता दुसऱ्या एका शाळेत मराठी शिकवतात, आणि एका वर्गात शिकलो तरी आम्ही त्यांना अहो-जाहो करतो, कारण ते आठवीतही गुरुजींसारखेच बोलायचे. दुसऱ्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत युरियाच्या गोण्यांवर बसून आम्ही खेळतो. तिसरा घनसावंगीच्या रस्त्यावर जीप चालवायचा. चौथा मी, भूकरमापक, म्हणजे शेताची मोजणी करून हद्द दाखवणारा. आमच्या कामात अर्ध्या मीटरवरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे आकडा सैल सोडायची सवय मला नाही.

खेळ दुकानदाराच्या मुलीने शिकवला. ती जालन्याला कॉलेजात आहे आणि रविवारी गावी येते. चार काका फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून भांडताना तिने पाहिले, आणि दुसऱ्याच रविवारी न सांगता आमचा पाचवा डाव रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकला.

त्या डावात आम्हाला एक गाडी सापडली होती. चालवायला अर्थातच जीपवाला. विमानातून उडी मारायच्या वेळीही तोच ओरडायचा, "चला, उतरा उतरा, स्टॅण्ड आलं." गाडीत आम्ही चौघे बसलो तरी त्याचं समाधान नव्हतं.

"अजून दोघं बसत्याल मागं," तो म्हणाला.

"चारचीच जागा आहे हो यात," गुरुजी म्हणाले.

"सरकून बसलं की व्हतंय, गुरुजी."

पुढे रस्त्याच्या कडेला शत्रूचा एक माणूस बंदूक घेऊन उभा होता. त्याला उडवायला हवं होतं, नाहीतर गाडी दामटून निघून जायला हवं होतं. जीपवाल्याने गाडी हळू केली, डाव्या अंगाला घेतली, थांबवली आणि विचारलं, "कुठं जायचंय?"

या खेळात जवळच्याला आपला आवाज ऐकू जातो. समोरच्याने तीन सेकंद काहीच केलं नाही. मग त्याने आम्हा चौघांना मारलं.

"थांबलास कशाला?" दुकानदार ओरडला.

"शीट उभं व्हतं ना रस्त्यावर." जीपवाले माणसाला शीट म्हणतात. "माझ्या मनात बी न्हाई आलं. पायच गेला ब्रेकवर."

तो तुकडा लोकांनी इतका पाहिला की मुलीने चॅनलच काढलं आणि त्याला 'कुठं जायचंय?' असंच नाव दिलं. शेवटचं मोजलं तेव्हा सहा हजार दोनशे चाळीस लोक नियमाने पाहणारे होते. त्यात माझ्या कार्यालयातले दोघे आहेत. ते माझ्यासमोर काही बोलत नाहीत, पण मी मोजणीची साखळी पसरायला घेतली की एकमेकांकडे बघतात.

चॅनलच्या माहितीत मुलीने लिहिलं होतं, 'उपरोधिक विनोदी गेमिंग'. हे गुरुजींनी वाचलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"उपरोध म्हणजे काय, माहिती आहे का तुला? मनात एक आणि बोलायचं दुसरं. त्याला हेतू लागतो."

"काका, लोकांना वाटतं तुम्ही मुद्दाम करता," मुलगी म्हणाली. "म्हणजे खेळाची टिंगल. मोजणीकाका गोळी मारायच्या आधी अंतर मोजतात, तुम्ही मरताना शुद्धलेखन सुधारता. लोक म्हणतात काय भारी ॲक्टिंग आहे."

"आम्ही मनापासून हरतो, बाळ," गुरुजी म्हणाले.

"तेच तर सांगू नका कुणाला."

मला हे पटलं नाही. मी एकशे चाळीस मीटर म्हणतो तेव्हा ते एकशे चाळीस असतं म्हणून म्हणतो. तेवढ्या वेळात समोरचा गोळी घालतो, ही गोष्ट वेगळी. पण लोक हसत होते आणि आम्हालाही रविवारची सवय लागली होती, म्हणून मी तो शब्द तसाच राहू दिला. वहीत मात्र उपरोधाचा रकाना केला नाही.

बासष्टाव्या रविवारी आम्ही जमलो तेव्हा जीपवाल्याने सांगितलं की त्याने जीप विकली. चाकणला त्याचा मुलगा आणि सून दोघंही कंपनीत जातात, नातू लहान, म्हणून नवरा-बायको तिकडे चालली होती. गुरुवारी निघायचं होतं.

जीपबद्दल तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "सत्तावीस वर्सं चालवली. एक बी पाशिंजर पडला न्हाई माझ्या गाडीतून."

हा आकडा त्याचा होता, पण मी तो तपासलेला आहे. बावीस वर्षं मी त्याच जीपने कामावर गेलो. आमच्याकडे गाडी पूर्ण थांबेपर्यंत बसून राहणं म्हाताऱ्याचं लक्षण समजतात. स्टॅण्ड दिसलं की तरणी माणसं चालत्या जीपमधून उतरतात, चार पावलं गाडीबरोबर पळतात आणि काही झालंच नाही अशी चालू लागतात. जीपवाल्याला याची भारी चीड. आरशात कोणाची हालचाल दिसली की तो ओरडायचा, "थांबल्याबिगर उतरायचं न्हाई." मागच्या दाराला त्याने सुतळी बांधली होती आणि तिचं टोक स्वतःच्या सीटखाली दाबून ठेवलं होतं. ज्याला उतरायचं त्याने आधी त्याला सांगायचं. त्याचे आईवडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. तो म्हणायचा, कळपातलं एक बी मागं राह्यलं न्हाई पायजे, एवढंच बापानं शिकवलं.

"आता एकच राह्यलं बघ," तो मला म्हणाला. "ते सोन्याचं अक्षर एक बार डोळ्यानं बघून जावं. तिकडं नातू इचारंल, आबा किती डाव जिंकला, मंग काय सांगू?"

शून्य सांग, असं मी म्हणणार होतो. त्याचं तोंड बघून वही मिटली.

तो पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा दुकानदार गोणीवरून माझ्याकडे सरकला. "आज आपण आपल्याच बघणाऱ्यांना खेळायला बोलवू. पोरगी आत्ता निरोप टाकते. आणि सगळ्यांना गुपचूप सांगते, की याला मारायचं नाही. तो आपोआप जिंकेल."

"मग त्याला जिंकणं म्हणणार नाही मी," मी म्हणालो.

"तू कोण म्हणणारा?"

"वही माझ्याकडे आहे."

"अरे मोजणीसाहेब, माणूस गाव सोडून चालला. एका रेघेनं तुझी वही बाटणार आहे का?"

"खोटी हद्द एकदा दाखवली की ती पुसता येत नाही."

गुरुजी माझ्या बाजूने होते की नाही ते कळलं नाही. ते म्हणाले, दोघांचंही व्याकरण बरोबर आहे. तेवढ्यात जीपवाला दारात उभा दिसला. त्याने सगळं ऐकलं असावं.

"मला फुकटचं बिलकुल नको," तो म्हणाला. "पोरी, सांग सगळ्याला. ज्यानं मुद्दाम हार खाल्ली त्यानं माझं तोंड बघू नये."

ते वाक्य मी नियम म्हणून लिहिलं आणि डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं दोनदा वाचलं. खेळायला चौऱ्याऐंशी जण आले होते. आम्ही धरून अठ्ठ्याऐंशी. वेळ दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं. डाव एकशे सत्त्याहत्तरावा.

मी चौथ्या मिनिटाला मेलो. झाडामागचा माणूस एकशे दहा मीटरवर आहे की एकशे पंधरा, हे ठरवत होतो. तो एकशे बारावर निघाला. गुरुजी अकराव्या मिनिटापर्यंत टिकले, मग घरून फोन आला. "कोथिंबीर लक्षात आहे," असं ते फोनवर सांगत असताना दोघांनी त्यांना उभ्या जागी मारलं. दुकानदाराने हातगोळा काढला आणि आम्ही तिघेही म्हणालो, टाकू नको. त्याने टाकला.

जीपवाला एकटा राहिला. त्याला गाडी मिळाली होती आणि तो कोणाच्या अध्यात ना मध्यात, कड्याच्या आतल्या बाजूने तिला फिरवत होता. हे काही डावपेच नव्हते. त्याला गाडी चालवायला आवडतं. तिकडे लोक एकमेकांना मारत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा खाली येत होता. चाळीस. तेवीस. नऊ. चार. तीन. शेवटी दोन.

म्हणजे तो आणि आणखी एक जण.

मुलगी फोन धरून रेकॉर्ड करत होती. तेवढ्यात कडं पुन्हा आवळलं, गाडीही बाहेर राहिली आणि पुढच्या वळणावर तो दुसरा दिसला. कड्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याने हात वर केला होता.

"उडव," दुकानदार म्हणाला. "डोळे मिटून अंगावर घाल."

जीपवाल्याचा अंगठा मला दिसत होता. तो वेगाच्या बटणावरून उचलला गेला, डाव्या अंगाला सरकला आणि ब्रेकवर टेकला. गाडी थांबली.

"कुठं जायचंय?"

"कड्याच्या आत सोडा, काका," पलीकडून आवाज आला. पोरगा विशीतला असावा. "चालत गेलो तर मरतो मी."

"बस."

तो बसला. या खेळात शत्रूलाही आपल्या गाडीत बसता येतं. दुकानदाराने कपाळ धरलं. गाडी चालू झाली.

"कुठला रे तू?"

"शहागडचा."

"शहागडात कुणाचा?"

"टायरचं दुकान आहे आमचं. पुलाकडून आलं की डाव्या हाताला."

"मंग तुझ्या बापानं माझं पंक्चर कैक बार काढलंय की. भाडं घेऊन यायचो मी तिकडं. हिरव्या पडद्याची जीप."

"मागच्या दाराला सुतळी होती तीच का?"

"तीच. गुरुवारी चाललो मी चाकणला."

"ऐकलं काका, म्हणूनच तर आलो खेळायला."

"बंदूक घे ना हातात," दुकानदार कुजबुजला, म्हणजे त्याच्या मते कुजबुजला.

"गाडी चालवून राह्यलो ना मी," जीपवाला म्हणाला. "उतरल्यावर बघू. गाडीत बसलेल्याला हात लावायचा न्हाई."

कडं जवळ आलं. वेग अडुसष्ट. कोपऱ्यात पोराच्या जिवाचा आकडा दिसत होता, शंभरपैकी एकतीस. आत एक पत्र्याचं शेड होतं. जीपवाल्याने तेच स्टॅण्ड धरलं असावं, कारण तो गाडी डावीकडे घेऊ लागला.

"थांबल्याबिगर..." त्याने सुरुवात केली.

पोरगा उतरला. चालत्या गाडीतून, शेडच्या सोळा मीटर आधी. खऱ्या रस्त्यावर माणूस चार पावलं पळून सावरतो. या खेळात तशी सोय नाही. तो दोनदा कोलांटला आणि एकतीसचा आकडा शून्य झाला.

फटाके उडाले. पूर्ण पडदाभर सोनेरी अक्षरं आली. दुकानदार गोणीवरून उठला, त्याच्याबरोबर युरियाही थोडा उठला. गुरुजींनी मला मिठी मारली; पस्तीस वर्षांत त्यांनी असं केलं नव्हतं.

जीपवाला मात्र पडद्यावर बोट फिरवत होता. तो गाडी मागे घ्यायला बघत होता.

"अरे, पोरगं पडलं," तो म्हणाला. "हे बाजूला घ्या."

"काय बाजूला घ्या?"

"हे अक्षरं. मागचं दिसून न्हाई राह्यलं मला."

अक्षरं बाजूला होत नाहीत, असं मुलीने त्याला समजावलं. डाव संपलाय, मागे जाता येत नाही. "काका, तुम्ही जिंकलात," ती म्हणाली. त्याने फोन गोणीवर पालथा ठेवला.

आता प्रश्न वहीचा होता. मी तो बोलून दाखवला, आणि ती माझी चूक झाली. पोराने मुद्दाम उडी मारली असेल तर नियमाप्रमाणे विजय बाद. मुद्दाम मारली नसेल तर विजय खरा, पण मग जीपवाल्याच्या गाडीतून पॅसेंजर पडला हेही खरं. पॅसेंजरचं शून्य राखायचं तर विजय जातो.

"तुला आत्ताच हे काढायचं होतं का?" दुकानदार म्हणाला.

"न्हाई, बराबर बोलतोय तो," जीपवाला म्हणाला. "लिही मुद्दाम. जिंकलो न्हाई म्हणून लिही. पडला म्हणून लिहू नको."

सव्वा वर्ष ज्या सोनेरी अक्षरांसाठी तो रविवारी जेवण लवकर उरकून यायचा, ती तो परत करत होता. मी पेन उघडलं, पण लिहिता येईना. माहीत नसलेली गोष्ट लिहिणं मला जमत नाही. मी रेकॉर्ड सात वेळा पाहिलं. त्यावरून काही ठरेना. शेवटी मी मुलीला म्हणालो, अर्जदाराचा जबाब घे.

तिने व्हिडिओखाली विचारलं. दहा मिनिटांत पोराचं उत्तर आलं. ते मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे: "मुद्दाम नाही. गोळ्या संपल्या होत्या. शेडजवळ एक बंदूक पडलेली माहीत होती, ती आधी उचलून काकांना मारणार होतो. गाडी थांबायच्या आधी उतरायची सवय आहे, बारावीपासून तसाच उतरतो. चूक माझी. काकांना सांगा, लागलं नाही."

जीपवाल्याने ते मुलीकडून दोनदा वाचून घेतलं. शेवटचं वाक्य तीनदा.

"म्हंजी मला मारणार व्हता," तो म्हणाला, आणि त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "मंग विजय खरा."

"खरा."

"आणि माझं शून्य?"

त्याची समजूत काढायला काहीतरी बोलावं, असं माझ्या मनात नव्हतं. मी खरंच विचार करत होतो. मग मी म्हणालो, "तुझे सत्तावीस वर्षांचे रस्ते मला माहीत आहेत. गावाचा नकाशा माझ्या कार्यालयात आहे, त्यात ते सगळे आहेत. हा रस्ता त्यात नाही. ना गट नंबर, ना गाव, ना हद्द. ज्या रस्त्याची मोजणी नाही, तिथला अपघात तुझ्या नावावर चढवता येत नाही."

"कायद्यानं?"

"कायद्यानं."

दुकानदार काहीतरी बोलणार होता. गुरुजींनी त्याच्या पायावर पाय ठेवला.

मी लिहिलं: डाव एकशे सत्त्याहत्तर, विजय एक. कारण: प्रवासी शेडच्या सोळा मीटर आधी चालत्या वाहनातून स्वतःहून उतरला. चालकाने सूचना दिली होती. चालकाचा दोष नाही. खाली पंच म्हणून दुकानदार आणि गुरुजींनी सह्या केल्या. गुरुजींनी 'सूचना'मधला ऊकार तपासला. जीपवाल्याने त्या पानाचा फोटो नातवासाठी मुलीच्या फोनवर काढून घेतला. मग गोणीवरचा आपला पालथा फोन सुलटा करून, त्यात राहिलेली सोनेरी अक्षरं त्याने पहिल्यांदा नीट पाहिली.

गुरुवारी तो गेला. चाकणहून तो रविवारी दुपारी, नातू झोपला की खेळायला येतो. त्याचा आवाज जरा उशिरा पोचतो, बाकी फरक नाही.

एकशे अठ्ठ्याहत्तराव्या डावात त्याला गाडी मिळाली, आम्ही तिघे बसलो आणि एका घरासमोर उतरायचं ठरलं. आत शत्रू होते, खिडकीतून बंदुकीची नळी दिसत होती. दुकानदार उठायला लागला तसा चाकणहून आवाज आला, "थांबल्याबिगर उतरायचं न्हाई." त्याने वेग कमी केला, डाव्या अंगाला घेतलं, गाडी पूर्ण थांबवली, हँडब्रेक ओढल्यासारखं तोंडाने केलं आणि म्हणाला, "हां, आता उतरा."

वहीतली नोंद: मरणं चार, गोळी लागून. उतरताना गाडी थांबलेली होती.